बायकांच्या बाजूने

वडनेर
१२ डिसेंबर १९५७

प्रेमदास भाऊजी, जयभीम.

त्या दिवशी सकाळी मी अंगण झाडलं, सडा टाकला, चूल सारवली, पऱ्हाट्या मोडून सरपण आत घेतलं आणि दोन भाकरी फडक्यात बांधल्या. कापसाच्या वेच्याला जायचं होतं. माठ घासत होते तेव्हा तानाबाई कुंपणापलीकडून ओरडली, "पंचफुला, सिनेमावाली सरकारी गाडी येऊन राह्यली वं आज! दवंडी नाई आयकली?"

मी म्हटलं, "मले नाई यायचं."

"काऊन? पैसा लागत नाई, नटाथटा लागत नाई. अंधारात कोन पाह्यते तुले?"

हे सगळं एवढ्यासाठी लिहिते की तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. मला ताप नव्हता, मी उपाशी नव्हते, आदल्या रात्री जागरण झालं नव्हतं. तुम्ही पहिल्यांदा हेच विचाराल.

शाळेच्या पटांगणात दोन बांबूंना पडदा बांधला होता. आपल्याकडची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. यंत्राच्या बाजूला पुरुष, पडद्याच्या मागे बायका. मागून अक्षरं उलटी दिसतात. मला वाचायची खोड, म्हणून तेवढं खटकतं. बाकी बायकांना त्याचं काही नाही. आधी डासांचा आणि हिवतापाचा खेळ झाला. मग धरणाचा. मातीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन मजुरांची रांग बांधावर चढत होती. सगळ्यांच्या पाठी आमच्याकडे. त्या रांगेतून एकटा माणूस आमच्याकडे तोंड करून खाली येत होता.

ते होते. तुमचे दादा.

भुवईवरची चीर दिसली. डोळे बारीक करायची सवय दिसली. शेतावरून आले की दारात उभे राहून मी चुलीपाशी आहे का ते पाहायचे, तसंच पाहत होते. मी उठले कधी ते मला कळलं नाही. पडद्याला हात लावला तेव्हा तानाबाईने मागून पदर धरून ओढलं. तोवर पडद्यावर पाणीच पाणी आलं होतं आणि खेळ संपला होता. घरी येऊन दिव्यापाशी पाहिलं तर तळहाताला ओली माती होती.

तीन वर्षांपूर्वी धरणाच्या कामावर त्यांच्या अंगावर दरड कोसळली तेव्हा ठेकेदाराच्या माणसांनी त्यांना तिथेच पुरलं. तुम्ही पोचलात तेव्हा जमीन सारखी झाली होती. त्यांचं तोंड ना तुम्ही पाहिलं, ना मी. आता मी पाहिलं. म्हणून बापूरावांच्या लग्नाच्या मागणीला काय कळवायचं ते सध्या राहू द्या.

पंचफुला


हिंगणघाट
२० डिसेंबर १९५७

आदरणीय वहिनी, जयभीम.

तुमचं पत्र मी गिरणीच्या फाटकाजवळ उभ्यानेच वाचलं आणि मग पाळीवर उशिरा गेलो. पाळीवरचा जॉबर म्हणाला, "काय रे, बायकोचं पत्र हाय का?" मी म्हटलं, "बायको असती तर एवढं लांब नसतं लिहिलं." हसण्यावारी नेलं, पण दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

वहिनी, यात घाबरण्यासारखं काही नाही. फोटोवाले धरणाच्या कामावर गेले असतील तेव्हा दादा हयात असेल. त्यांनी चित्र घेतलं, त्यात तो आला. माणूस जातो, चित्र राहतं. आमच्या चाळीत एकाच्या भिंतीवर त्याच्या मेलेल्या बापाचा फोटो आहे. तो काय रोज घाबरतो का? मातीचं म्हणाल तर तो पडदा गावोगाव जमिनीवर पसरून गुंडाळतात, लागली असेल.

गेल्या वर्षी आपण दीक्षा घेतली. देव नदीत सोडले. श्राद्ध नाही, पिंड नाही, भूत नाही, असं तुम्ही माझ्याशेजारी उभं राहून म्हटलंत. मी तर चुकलो होतो म्हणताना, तुमचं एकही वाक्य चुकलं नाही.

आता बापूरावांचं. त्यांची बदली आमल्याला होते आहे, फेब्रुवारीअखेर जावं लागेल. रेल्वेतली कायमची नोकरी आहे. बोरगावचं घर ते भावाला देऊन जातील. पहिली बायको बाळंतपणात गेली तेव्हापासून त्या माणसाने स्वतः भाकरी थापली आहे. जायच्या आधी त्यांना हो किंवा नाही कळलं पाहिजे. जन्मभर त्या घरात एकटीनं दिवा लावत बसाल तर दादाला तरी बरं वाटेल का?

ती गाडी आमच्या गिरणीच्या मैदानावर येणार आहे. मी स्वतः पाहतो आणि लिहितो.

तुमचा प्रेमदास


वडनेर
२ जानेवारी १९५८

प्रेमदास भाऊजी, जयभीम.

चित्र राहतं, हे तुमचं म्हणणं मला पटलं. वाचल्यावर मी चार घास जास्त जेवले. पण चित्रातला माणूस तुमच्याकडे पाहतो तेव्हा तो चित्र काढणाऱ्याकडे पाहत असतो, नाही का? हे माझ्याकडे पाहत होते. मी सरकले तेव्हा डोळे सरकले. पहिल्या पत्रात हे लिहिलं नव्हतं, कारण लिहिताना माझं मलाच खरं वाटेना.

बापूराव परवा येऊन गेले. नेहमीप्रमाणे जुनी वर्तमानपत्रं आणली. दाराबाहेरच बसले. तानाबाई लगेच आलीच. "काय हो पावनं, पेपरावर पेपर आनता, साडी कवा आनान?" ते लाजले आणि म्हणाले, "साडी कोनीबी आनते. पेपर वाचनारी कुठी भेटते?" भाऊजी, मला तो माणूस आवडतो. हे लिहायला मला लाज वाटत नाही. त्यांना मी पडद्याचं सगळं सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्रांची घडी नीट केली. मग म्हणाले, "मी जित्या मानसाशी भांडलो असतो. हे मले जमनार नाई. तुमी ठरवा."

मला त्यांच्याबरोबर जायचं आहे, पण जाता येत नाही. मी निघायला तयार झाले तेव्हाच हे आले. ते मला अडवायला आले की निरोप द्यायला, हे कळल्याशिवाय मी दुसऱ्याच्या घरात पाऊल कसं टाकू?

पूर्वीचं असतं तर अकितीला त्यांच्या नावाने पाण्याची घागर भरली असती, पत्रावळीवर वाढलं असतं, आणि मन मोकळं झालं असतं. ते आपण सोडलं. सोडलं ते बरोबरच केलं, मी मागे फिरणार नाही. पण सोडताना, गेलेला माणूस आलाच तर काय करायचं ते कोणी सांगितलं नाही.

त्या दिवसापासून दाराकडे पाठ करून बसले की मला वळून पाहावंसं वाटतं. मी वळत नाही. तुम्ही खेळ पाहून काय ते नीट लिहा.

पंचफुला


हिंगणघाट
१६ जानेवारी १९५८

आदरणीय वहिनी, जयभीम.

काल गिरणीच्या मैदानावर धरणाचा खेळ झाला. मी अगदी पुढे बसलो होतो.

खाली येणारा कोणीही नाही. मजुरांची रांग वर चढते एवढंच. रांगेत एक माणूस पाठमोरा जातो, तो कोणीही असेल. बांधाच्या टोकाशी थोडा थांबतो, मग पाणी दाखवतात. तोंड कोणाचंच दिसत नाही. तुम्हाला भास झाला.

विषय संपवावा. बापूरावांना मी हो कळवू का? उलट टपाली लिहा.

प्रेमदास


वडनेर
२२ जानेवारी १९५८

प्रेमदास भाऊजी, जयभीम.

तुमचं पत्र इतकं तुटक आहे की आधी मला वाटलं, मी तुम्हाला दुखावलं. मग पुन्हा वाचलं. रांगेत वीसएक माणसं आहेत, सगळीच पाठमोरी. मग तुम्ही एकाच पाठीबद्दल का लिहिलंत? टोपल्या वाहून एक खांदा उतरलेली ती पाठ तुम्ही ओळखलीत. मला राग नाही. तुम्हाला माझं भलं व्हायला हवं आहे, म्हणून तुम्ही तेवढं गाळलंत.

आणि आपल्या दोघांचं भांडण मुळात नाहीच. तुम्ही पुढे बसलात, मी मागे बसले होते. पुढून ज्याची पाठ दिसते, त्याचं तोंड मागून दिसणारच. लुगड्याची सुलट बाजू वेगळी, उलट वेगळी, तसंच हे. तुमच्या बाजूने ते जात होते, आमच्या बाजूने येत होते. तुमचंही खरं, माझंही खरं. यात नवल ते काय?

तानाबाईला सांगितलं तर म्हणते, "मंग बराबर हाय. मानूस मानसाईले सदा पाठच दाखवते बाप्पा, बायकाईले तोंड दाखवा लागते." ती हसली, मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

एवढं कळल्यावर मला हलकं वाटतं आहे. बापूरावांना आत्ताच हो म्हणू नका, पण नाहीही म्हणू नका.

पंचफुला


हिंगणघाट
३० जानेवारी १९५८

आदरणीय वहिनी, जयभीम.

हे पत्र लिहावं की नाही यात तीन दिवस गेले. तुम्हाला हलकं वाटतं आहे, तसंच वाटू द्यावं असं एक मन म्हणत होतं. पण तुम्ही मला नीट लिहायला सांगितलंत.

ती पाठ दादाची होती. स्टेशनावर तो कामाला जायला गाडीत चढला तेव्हा मी तीच पाठ पाहिली होती. हे मी गाळलं, तुम्ही म्हणता त्याच कारणासाठी.

पण दुसरं सांगायचं आहे. तुमचं पत्र आल्यावर मी गाडीच्या मागोमाग पुढच्या गावाला गेलो. यंत्र चालवणारे हिरालाल म्हणून आहेत, भला माणूस. त्यांना विचारलं, मागच्या बायकांना पडद्यावरच्या माणसाचं तोंड दिसतं का?

ते हसले. म्हणाले, "अरे भैया, परदा एकच, बत्ती एकच. पाठ हाय तर दोन्हीकडून पाठच दिसन. मांगून फकत डावं उजवं होते, अक्षर उलटं होते, बस."

मी म्हटलं, "आमच्या गावच्या बायकांनी तोंड पाह्यलं म्हणतात."

त्यांचं हसू थांबलं. यंत्राचं झाकण लावत म्हणाले, "वडनेरच्या का?" मी हो म्हटलं. "अजून दोन गावी बायका बोलल्या. मी मांगं जात नाई. मले त्या बाजूचं काही इचारू नको."

वहिनी, तुम्हीच आठवून पाहा. लुगड्याच्या दोन बाजूंसारखं असतं, तर रांगेतल्या सगळ्या माणसांची तोंडं तुम्हाला दिसायला हवी होती. दिसली का? पहिल्या पत्रात तुम्हीच लिहिलं आहे की बाकीच्यांच्या पाठी होत्या. म्हणजे एकटा तोच वळला. आणि आमच्या बाजूने तो वळलाच नाही.

मी भूत मानत नाही. मानणारही नाही. पण याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही.

गाडी ८ फेब्रुवारीला समुद्रपूरला आहे. हे मी लपवणार नाही, दवंडी तुमच्यापर्यंत येईलच. पण वहिनी, जाऊ नका. त्या दिवशी तानाबाईने पदर ओढला नसता तर, असं सारखं मनात येतं. तुम्ही जाऊ नका.

तुमचा प्रेमदास


वडनेर
१२ फेब्रुवारी १९५८

प्रेमदास भाऊजी, जयभीम.

मी गेले. तुम्ही रागवाल, पण आधी वाचा.

तुमचं पत्र तानाबाईला वाचून दाखवलं. रांगेतल्या बाकी माणसांचं विचारलं. ती म्हणाली, "पाठीच होत्या बाई. सगळ्याईच्या."  तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. शेवटी म्हणाली, "तू जाशील तर मी बी येतो. एकटी नको जाऊ." मी म्हटलं, "ये. पन तू मांगं बस. मी पुढं बसनार."

एसटीने समुद्रपूरला गेलो. पडदा बाजाराच्या जागेत बांधला होता. तानाबाई बायकांत जाऊन बसली आणि मी पुरुषांकडे वळले. लगेच एकजण म्हणाला, "ओ बाई, बायका तिकडे. रस्ता चुकल्या का?"

"नाई चुकली. मले इकडेच बसायचं हाय."

"घरधनी कुठी हाय तुमचा?"

मी पडद्याकडे बोट दाखवलं. त्याला वाटलं, तिकडे कुठे उभा असेल. दुसरा म्हणाला, "बसू दे ना बे, ते काय तुले खाऊन राह्यली?" मी तिथेच बसले. माझ्या दोन्ही बाजूंना मात्र हातभर जागा मोकळी राहिली. हिरालाल यंत्रापाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी कोण हे त्यांना समजलं असावं. त्यांनी मान खाली घातली.

डासांचा खेळ झाला. या बाजूने अक्षरं सरळ दिसतात. मी सगळी वाचली, मन लागावं म्हणून. मग धरण आलं.

रांग चढू लागली. मी एकेक पाठ पाहत गेले. तुम्ही लिहिलंत तसंच होतं. एक खांदा उतरलेला, मानेवर टोपलीचा भार, पाऊल ठेवताना टाच आधी टेकवायची ती रीत. ते माझ्यापासून दूर जात होते. भाऊजी, ते घरून निघाले त्या दिवशी मी आत दळत होते. "येतो" म्हणाले, मी "बरं" म्हटलं, आणि उठले नाही. त्यांना जाताना मी पाहिलंच नव्हतं. समुद्रपूरला पाहिलं. चढण संपेपर्यंत डोळा मिटला नाही.

बांधाच्या टोकाशी ते थांबले. त्याच वेळी पडद्यामागे बायकांचा आवाज बंद झाला. इतका वेळ तिकडे कुजबुज होती, लेकरं रडत होती, कोणी कोणाला हाक मारत होतं. एकदम सगळं थांबलं. आमच्या बाजूला पुरुष तंबाखू मळत होते, त्यांना काही कळलं नाही.

त्यांची मान हळूहळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरत होती. मेळ्यात आपलं माणूस शोधताना फिरते, तशी. टोकाशी गेली, पुन्हा मागे आली. मला फक्त पाठ दिसत होती. मी हाक मारली असती तर ते वळले असते, असं मला वाटलं आणि अजूनही वाटतं. तोंडात हाक आली होती. मी पदराचा बोळा करून तोंडात धरला.

मग पाणी दाखवलं आणि दिवा लागला.

तानाबाई पडद्याच्या कडेने माझ्याकडे आली. 

"आलता," ती म्हणाली. "पार जवळ आलता. एकेकीचं तोंड पाहून राह्यला होता."

"मंग?"

"मंग काय वं. माह्या तोंडाशी थांबला. माह्या बाजूची जागा पाह्यली. तू नव्हती." मग म्हणाली, "तोंड भरून माती होती त्याच्या. बोलायचं होतं त्याले, पन बोलता नाई आलं."

परतीच्या गाडीत तिने एकही थट्टा केली नाही. घरी तिने माझ्याजवळच अंथरूण टाकलं.

निरोप द्यायला आले की अडवायला, ते मला अजून कळलेलं नाही. आता कळणारही नाही. एवढं कळलं की मी मागच्या बाजूला बसले असते, तर या वेळी तानाबाईने पदर धरूनही मी थांबले नसते. मी उठले असते आणि गेले असते. माझी ती तयारी आहे, हे पुढे बसल्यावर मला कळलं, आणि मला माझीच भीती वाटली. त्यांनी मला शोधलं आणि मी त्यांना सापडले नाही. हे मी केलं आहे. त्याचं दुःख माझ्याजवळ राहील, ते मी कोणत्याही नदीत सोडणार नाही. बापूरावांनाही ते सांगूनच त्यांच्या घरात जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्ध्याची गाडी धरली, बोरगावला जाऊन बापूरावांच्या दारात उभी राहिले, समुद्रपूरचं सगळं सांगितलं, आणि मग हो म्हटलं.

पंचफुला